शेंगेतील बुरशी

भुईमुगाची रीत इतर पिकांहून निराळी आहे. त्याचे फूल जमिनीवर उमलते आणि फळ मात्र जमिनीखाली धरते. लहानसे पिवळे फूल कोमेजले, की त्याच्या बुडाशी एक बारीक, टोकदार अंकुर फुटतो. तो वर न जाता खाली वळतो आणि हळूहळू मातीत शिरतो. यालाच शेतकरी 'आऱ्या सुटणे' असे म्हणतात. मातीत शिरलेल्या आरीचे टोक फुगते, आडवे होते आणि त्याचीच पुढे शेंग बनते. दाणा भरून पक्व होईपर्यंत सुमारे दोन महिने ही शेंग मातीच्या कुशीतच असते. पाखरांच्या चोचीपासून आणि उन्हाच्या तडाख्यापासून ती तेथे सुरक्षित राहते; परंतु माती म्हणजे काही रिकामी जागा नव्हे. असंख्य सूक्ष्म जीव तेथे नांदत असतात, आणि त्यांपैकी काही भुईमुगाचे शेजारी असले तरी मित्र नसतात.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. तेथून तो आफ्रिकेत व आशियात आला आणि गरिबांचे अन्न बनला. दाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा आणि सुमारे चौथा भाग प्रथिनांचा असतो. महाराष्ट्रात दाण्याच्या कुटावाचून भाजी-आमटीचे, आणि उपवासाच्या खिचडीचे तर मुळीच भागत नाही. तेल काढून उरलेली पेंड गाईगुरांच्या व कोंबड्यांच्या पोटी जाते. या पेंडीमुळेच एक मोठे रहस्य जगासमोर आले.

इंग्लंडमध्ये नाताळच्या सणाला टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याचे मांस खाण्याची चाल आहे. त्यासाठी तेथील शेतकरी उन्हाळ्यात या पक्ष्याची पिल्ले हजारोंच्या संख्येने वाढवितात. सन १९६० च्या उन्हाळ्यात या पिल्लांमध्ये एकाएकी मरी पसरली. धडधाकट पिल्ले खाणे सोडीत, त्यांचे पंख गळून पडत, ती सुस्त होत आणि आठवड्याच्या आतच मान मागे टाकून व पाय ताणून मरत. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली. पाठोपाठ बदकांची पिल्लेही मरू लागली. मेलेले पक्षी चिरून पाहिले, तेव्हा त्यांचे यकृत खराब झालेले आढळले. हा एखादा साथीचा रोग असावा असे प्रथम वाटले. पण रोगजंतू काही केल्या सापडेनात. आजारी पिल्लाजवळ निरोगी पिल्लू ठेवले, तरी ते आजारी पडेना. बीजगणितात अज्ञात संख्येला ज्याप्रमाणे 'क्ष' म्हणतात, त्याप्रमाणे पशुवैद्यांनी या अज्ञात रोगाला 'टर्की-क्ष रोग' असे नाव दिले.

मग शोधाची दिशा बदलली. पिल्ले काय खातात, याची चौकशी सुरू झाली. बहुतेक मृत्यू लंडनच्या आसपासच्या प्रदेशात झाले होते, आणि ज्या ज्या शेतांवर पिल्ले मेली होती तेथील खुराकात एक वस्तू समान निघाली. ती म्हणजे ब्राझील देशातून जहाजाने आलेली भुईमुगाची पेंड. ही पेंड चांगल्या पिल्लांना खाऊ घातली, तेव्हा तीही त्याच रीतीने मेली. पेंडीत कोणी विष कालवले होते काय? रसायनांच्या सर्व नेहमीच्या चाचण्या झाल्या. ओळखीचे एकही विष तिच्यात मिळाले नाही. शेवटी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहता पेंडीत बुरशीचे बारीक धागे दिसले. नवल असे, की ती बुरशी केव्हाच मेलेली होती. जिवंत नसलेल्या बुरशीने जिवंत पक्षी मारले होते.

ही बुरशी म्हणजे 'ॲस्परजिलस फ्लेवस'. ती वाढताना एक विष तयार करते. ती मेली, वाळली, धुळीसारखी उडून गेली, तरी विष दाण्यात राहते. सन १९६२ मध्ये या विषाला नाव मिळाले. बुरशीच्या दोन्ही नावांतील आरंभीची अक्षरे आणि विष या अर्थाचा इंग्रजी शब्द यांच्या जोडणीतून 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव तयार झाले. या विषाला स्वतःचा रंग किंवा वास असा ओळखू येण्याजोगा नसतो. पण अतिनील किरणांच्या प्रकाशात ते चमकते. त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्या रंगांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'बी' आणि 'जी' अशी नावे पडली. निळ्या चमकीचा 'बी-१' हा त्यांतील सर्वांत घातक प्रकार होय.

लवकरच असे आढळून आले, की हा दोष एकट्या ब्राझीलच्या पेंडीचा नव्हता. आफ्रिकेतील आणि भारतातील भुईमुगातही हे विष सापडले. ही गोष्ट काळजी वाटावी अशीच होती. कारण त्याच काळात दुबळ्या, अर्धपोटी मुलांना प्रथिने कशी पुरवावीत, हा मोठा प्रश्न होता, आणि त्याचे स्वस्त उत्तर म्हणून अनेकांची दृष्टी भुईमुगाकडे लागली होती. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तीन भाग शेंगदाण्याचे पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ घालून एक पौष्टिक अन्न तयार केले होते. ज्या दाण्याने मुलांना बळ द्यावयाचे, त्याच दाण्यात यकृत बिघडविणारे विष असू शकते, हे आता ध्यानात घेणे भाग पडले.

माणसाला या विषाने काय होते, याचा दारुण अनुभव भारताला १९७४ साली आला. तेथे वाहक भुईमूग नसून मका होता. पण बुरशी तीच आणि विषही तेच. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत भिल्लांची वस्ती आहे. मका हेच त्यांचे मुख्य अन्न. त्या वर्षी पीक काढणीला आले असता अवकाळी पाऊस पडला. कणसे भिजली, नीट न वाळताच घरात आली आणि बुरसली. ऑक्टोबरच्या सुमारास गावोगावी लोक आजारी पडू लागले. डोळे पिवळे होत, पोटात पाणी साचून ते फुगे, पाय सुजत. त्याच घरांतील कुत्रीही मरू लागली, कारण कुत्र्यांच्या पुढ्यात पडणारी भाकरीही त्याच मक्याची होती. शेवटी मोजदाद झाली तेव्हा ३९७ माणसे आजारी पडल्याचे आणि त्यांपैकी १०६ मरण पावल्याचे आढळले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन तपास केला. त्यांनी तपासलेल्या मक्यात एका किलोमध्ये ६ ते १५ मिलिग्रॅम एवढे अफ्लाटॉक्सिन निघाले. हा आकडा लहान वाटेल. परंतु युरोपीय संघाने थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी जी मर्यादा ठरविली आहे, ती एका किलोत ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी भागांत चार भाग एवढीच आहे. त्या मानाने या मक्यातील विष हजार पटींहूनही अधिक होते. धान्य बुरसटलेले आहे हे घरातील माणसांना दिसत नव्हते असे नाही. पण बुरसटलेले धान्य टाकून देणे हे दुसरे धान्य घरात असेल तरच शक्य होते. पुढे २००४ साली केनिया देशातही असाच प्रसंग आला. तेथे बुरसलेल्या मक्याने ३१७ माणसे आजारी पडली आणि १२५ दगावली.

असे प्रसंग क्वचित घडतात. नेहमीचा धोका याहून निराळा आणि मंद आहे. अगदी थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर त्या दिवशी काहीच होत नाही. पोट दुखत नाही, ताप येत नाही. मात्र कालांतराने यकृताचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो, आणि ज्याला 'ब' प्रकारची कावीळ जडलेली आहे त्याला हा धोका पुष्कळच अधिक असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अफ्लाटॉक्सिनची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. लहान मुलांची वाढ खुंटण्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. ज्याचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो, त्या शत्रूवर शेतकऱ्याचा विश्वास बसावा तरी कसा? साप चावला, तर कारण आणि परिणाम एका घटकेत समोर उभे राहतात. येथे तसे होत नाही, आणि हीच खरी अडचण आहे.

आता ही बुरशी शेंगेत शिरते कशी, ते पाहू. तिचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. पिकाला वेळेवर पाणी मिळाले तर झाड सशक्त राहते आणि दाणा बुरशीला सहसा दाद देत नाही. पण शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन-चार आठवड्यांत पावसाने ओढ दिली, जमीन तापली, की झाडाची ही शक्ती कमी होते. वाळवी किंवा दुसरी एखादी कीड टरफलाला भोक पाडते. काढणीच्या वेळी कुदळीचा घाव शेंगेवर बसतो. अशा वाटांनी बुरशी आत जाते. म्हणजे पुष्कळदा घरात येण्यापूर्वीच शेंग दूषित झालेली असते.

तरीही खरा विस्तार होतो तो काढणीनंतर. नुकत्याच उपटलेल्या शेंगेत पाण्याचा अंश पुष्कळ असतो. तो झपाट्याने कमी झाला तर बुरशीची वाढ थांबते. दाण्यातील ओल शेकडा सात-आठ टक्क्यांवर उतरली, की ती वाढू शकत नाही. याउलट ओल्या शेंगांचा ढीग घातला, तर ढिगाच्या पोटात ऊब धरते, ओलावा कोंडतो, आणि बुरशीला हवे तसे घर मिळते. ओल्या शेंगा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर पिशवीला आतून घाम सुटतो. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवली तर जमिनीची व भिंतीची ओल त्यांत चढते. छपराची एक गळती पोत्याच्या कोपऱ्यावर पडत असली, तरी तेवढा कोपरा पुरतो.

या विषाची आणखी एक खोड आहे. ते सर्व दाण्यांत सारखे पसरत नाही. हजार दाणे अगदी निर्मळ असतात आणि एकाच दाण्यात एवढे विष असते, की तो दळला गेला तर सगळे पीठ दूषित व्हावे. म्हणून एक मूठ दाणे तपासून पोत्याविषयी काही सांगता येत नाही. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून पुष्कळसे दाणे काढावे लागतात, ते एकत्र दळावे लागतात आणि मग त्या पिठाची परीक्षा करावी लागते. कधी दाण्यावर पिवळट-हिरवी बुरशी डोळ्यांनी दिसते, कधी दाणा चांगला दिसत असूनही आत विष असते. सुरकुतलेला, रंग बदललेला, फुटका किंवा कीड लागलेला दाणा हा अधिक संशयास्पद, एवढे मात्र नक्की.

भाजले म्हणजे सारे शुद्ध होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो या विषाच्या बाबतीत खरा नाही. दाणे भाजल्याने ते काही अंशी कमी होते, पण नाहीसे होत नाही. उकळल्याने तर फारसा फरकच पडत नाही. भाजताना बुरशी मरते, कुबट वास उडून जातो आणि खाणाऱ्याची खात्री पटते. चटणीच्या तिखटामिठात कडवटपणाही लपतो. खाता खाता एखादा कडू दाणा दाताखाली आला तर तो थुंकून टाकण्याची जुनी सवय मात्र चांगली आहे. दाण्यांचे तेल काढले तर विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो. घाण्याच्या तेलात थोडा उतरू शकतो. कारखान्यात तेल शुद्ध करताना तो निघून जातो. दूषित पेंड गाईने खाल्ली, तर तिच्या शरीरात या विषाचे थोडे रूपांतर होऊन ते दुधात उतरते. पेंड गुरांची आणि दूध मुलांचे, असा हा मार्ग आहे.

आफ्रिकेच्या आग्नेय भागातील मलावी या देशात भुईमुगाला फार महत्त्व आहे. हा देश १९६४ साली स्वतंत्र झाला. त्यापूर्वी त्याला न्यासालँड म्हणत. तेथील लोकांचे मुख्य अन्न मक्याचे घट्ट पिठले असून त्याबरोबरच्या पालेभाजीत शेंगदाण्याचे कूट घालतात. आपल्याकडील कुटाच्या भाजीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे. भुईमूग हे तेथे बहुतांशी स्त्रियांच्या हातचे पीक. पावसाळा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो आणि तो सरताना काढणी होते. पुढे हाताने शेंगा फोडण्याचे काम सुरू होते, आणि तेही स्त्रिया व मुलेच करतात.

ज्याने परातभर शेंगा सोलल्या असतील, त्याला हे काम ठाऊक आहे. परंतु पोत्यामागून पोती सोलावयाची, तर बोटांची सालटी निघतात आणि नखांखालची कातडी हुळहुळते. म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची चाल पडली. पाण्याने टरफल मऊ होते, ते पटकन फुटते आणि दाणाही तुटत नाही. यात कोणाचा आळस नाही, की लबाडी नाही; दुखऱ्या बोटांनी शोधलेला तो उपाय आहे. पण जी शेंग कित्येक दिवस उन्हात वाळवून सुरक्षित केली, तिलाच पुन्हा ओल मिळते. सोललेले ओलसर दाणे पोत्यात भरले जातात आणि बुरशी पुन्हा जागी होते. विष काय असते हे ठाऊक नसल्यामुळे, पिकाचे महिनोन्‌महिने केलेले रक्षण तांब्याभर पाण्याने वाया जाते.

या शेतकरी स्त्रियांना बुरशी ओळखता येत नाही, असे मुळीच नाही. बुरसलेला दाणा त्या दुरून ओळखतात. त्याला भाव कमी येतो, तो कडू लागतो, तो उगवत नाही, हे सर्व त्यांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की बुरशी झटकून टाकली तरी तिने केलेले विष मागे राहते. बुरशी म्हणजे दाण्यावरचा मळ, असे त्यांना वाटते. आफ्रिकेतील व भारतातील अनेक खेड्यांत अभ्यासकांना हेच अज्ञान आढळले आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान अनुभवाने मिळते. न दिसणाऱ्या गोष्टीचे ज्ञान कोणीतरी सांगावेच लागते.

आणि नुसते सांगूनही भागत नाही. मलावीतून पूर्वी चालिंबाना नावाच्या टपोऱ्या जातीचे शेंगदाणे इंग्लंडला जात. १९९० च्या सुमारास ही निर्यात जवळजवळ बंद पडली. कारणे अनेक होती. परदेशी ग्राहकांनी अफ्लाटॉक्सिनविषयी घातलेले कडक निर्बंध हे त्यांपैकी एक होय. पुढे तेथील लहान शेतकऱ्यांच्या संघांनी माल निवडून, तपासून पुन्हा परदेशी पाठविण्याचा उद्योग सुरू केला. हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेची या कामात मदत झाली. पूर्वी अशी तपासणी मोठ्या खर्चाच्या यंत्रांवरच होई. या संस्थेने ती स्वस्तात करण्याची साधने तयार केली आणि ती मलावीतही वापरली गेली. म्हणजे आंध्र-तेलंगणाच्या कोरडवाहू रानात मिळालेले ज्ञान आफ्रिकेतील भुईमुगाच्या उपयोगी पडले.

यातून एक विचित्र प्रश्न मात्र उभा राहिला. परदेशी ग्राहकासाठी दाणे निवडले, की चांगले दाणे पोत्यात जातात आणि सुरकुतलेले, डागी, फुटके दाणे सुपात उरतात. त्या उरलेल्या दाण्यांचे काय होते? ते घरी कुटून भाजीत घातले जातात, कोंबड्यांपुढे टाकले जातात, किंवा गावच्या बाजारात स्वस्तात विकले जातात. परक्या देशातील माणसाच्या ताटातून काढलेले विष अशा रीतीने स्वतःच्या मुलांच्या ताटात येते, आणि पूर्वी जे शंभर दाण्यांत विखुरलेले होते ते आता दहा दाण्यांत एकवटलेले असते. निवड म्हणजे केवळ भाव वाढविण्याची युक्ती, एवढेच शिकविले, तर घराचा धोका कमी होण्याऐवजी वाढतो.

गावच्या बाजारातही चांगल्या सवयीला उत्तेजन मिळतेच असे नाही. जेथे व्यापारी वाळलेल्या आणि ओलसर मालाला सारखाच भाव देतो, तेथे ओला माल वजनाला अधिक भरतो. आठ दिवस जास्त वाळविणाऱ्या बाईला तिच्या श्रमाबद्दल कमी पैसे मिळतात. शिवाय मलावीत जानेवारी ते मार्च हे महिने अन्नटंचाईचे असतात. जुने धान्य संपलेले, नवे पीक अजून शेतात उभे. अशा वेळी कोपऱ्यात राहिलेले डागी दाण्यांचे गाठोडे सोडले जाते. ते टाकून द्या, असे उपदेशकाने सांगणे सोपे आहे.

म्हणून टाकण्याजोगा दाणा मुळातच कमी निघेल, अशी व्यवस्था करणे अधिक शहाणपणाचे ठरते. पसाभर दाणे खड्ड्यात पुरणे गरीब घरालाही जमते. पोतेभर पुरणे जमत नाही. ही व्यवस्था शेतापासून सुरू होते. शेंग फोडून पाहावी. टरफलाची आतली बाजू काळसर दिसू लागली, म्हणजे पीक काढणीला आले. त्यानंतर ते जमिनीत राहू देऊ नये. उपटलेले वेल शेंगा वर करून पसरावेत, म्हणजे ऊन आणि वारा दोन्ही मिळतात. कुदळीचा घाव लागलेल्या शेंगा तेथेच वेगळ्या काढाव्यात. शेंगा पुरत्या वाळल्या, की हातात घेऊन हलविताच आतला दाणा खुळखुळतो. साठवण शेंगांच्याच रूपाने करावी, कारण टरफल हे दाण्याचे पहिले कोठार आहे. गोणपाटाच्या पोत्यांत भरून ती पोती फळ्यांवर किंवा बांबूंच्या मांडणीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. यांपैकी एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. लागते ती वेळ, आणि काढणीच्या दिवसांत शेतकऱ्याजवळ तीच कमी असते.

शास्त्रज्ञांनी बुरशीवर बुरशी घालण्याचीही युक्ती काढली आहे. 'ॲस्परजिलस फ्लेवस' या बुरशीच्या सर्वच जाती विष तयार करीत नाहीत. ज्या करीत नाहीत, त्या ज्वारीच्या मेलेल्या दाण्यांवर चढवून ते दाणे उभ्या पिकात विखुरतात. निरुपद्रवी बुरशी आधी जागा अडविते आणि विषारी बुरशीला पाय रोवू देत नाही. नायजेरिया, सेनेगल इत्यादी देशांत 'अफ्लासेफ' या नावाने हे औषध मिळते. ते शेतातील संसर्ग बराच कमी करते; पण नंतर ओल्या पोत्यात जे घडते, त्यावरचा उपाय कोरडे पोते हाच आहे.

शेंगा फोडण्याचे काम मात्र कोणत्याही उपदेशाने कमी होत नाही. त्यासाठी हाताने चालविण्याचे एक साधे यंत्र आहे. त्यात अर्धगोल लोखंडी जाळी असते. शेंगा जाळीवर ओततात आणि दांडा पुढे-मागे करतात. टरफले चुरडली जातात आणि दाणे जाळीतून खाली पडतात. जाळीची छिद्रे दाण्याच्या आकारास जुळणारी हवीत, नाहीतर दाणे फुटतात आणि फुटक्या दाण्यात पुन्हा बुरशीला वाट मिळते. एकटीला न परवडणारे हे यंत्र दहा-बारा जणी मिळून घेऊ शकतात. कोरड्या शेंगा त्यावर सहज फुटतात. ओल्या शेंगांची टरफले जाळीत अडकतात. त्यामुळे यंत्राशेजारी पाण्याचे भांडे ठेवावे लागत नाही.